अनोळखी टर्बोचार्जरची ओळख

चुलीला फुंकणीने वारा घातला की जाळ कसा फुलतो, हे आपण रोज पाहतो. इंजिनाला अशी फुंकर घालणारे यंत्र म्हणजे टर्बोचार्जर. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन चाके. एक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या झोताने फिरते, त्यासरशी दुसरे फिरते आणि हवा दाबून इंजिनात कोंबते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले.

१९८९ साली जपानच्या निस्सान कंपनीने स्कायलाइन जीटी-आर ही वेगवान गाडी काढली. तिच्या सहा सिलिंडरांच्या इंजिनावर दोन टर्बोचार्जर असत. पुढच्या तीन सिलिंडरांचा धूर एकाकडे, मागच्या तिघांचा दुसऱ्याकडे. हौशी मंडळी ही जुनी इंजिने आजही खोलून नव्याने बांधतात. पण सोबत आलेले टर्बोचार्जर मूळचे, की मागाहून कुणी बदललेले?

पहिल्याने नामपट्टी पाहावी व तिच्यावरचा क्रमांक टिपून घ्यावा. पण तेवढ्यावर विसंबू नये. पट्टी असते कवचावर, आणि आतली चाके बदललेली असू शकतात. म्हणून हवेकडचे कवच उतरवून व्हर्नियरने चाकाचे दोन व्यास मोजावेत : एक हवा आत घेणाऱ्या तोंडाचा, दुसरा मागच्या रुंद कडेचा. समजा, ते ४५ व ६० मिलिमीटर भरले. ४५ला ६०ने भागले, ०.७५ आले. त्याचा वर्ग करून शंभराने गुणले की सुमारे ५६. कारागीर याला ‘ट्रिम’ म्हणतात. शिक्षक बंधुभगिनींनो, गुणोत्तराच्या तासाला हे उदाहरण जरूर घ्यावे. दोन्ही टर्बोचार्जरांची मापे जुळली नाहीत, तर ती जोडी नव्हे.

आता खरी मेख. मूळ गाडीत धुराकडचे चाक सिरॅमिकचे होते. ते हलके, म्हणून चटकन वेग घेते, पण ठिसूळ. कारखान्याने ठरवलेल्या दाबापेक्षा हवेचा दाब वाढवला, की ते फुटण्याचा धोका असतो, आणि तुकडे नव्या बांधलेल्या इंजिनाचाही घात करू शकतात. शर्यतीसाठी काढलेल्या काही गाड्यांत हेच चाक धातूचे होते. बाहेरून दोघांत फरक कळणे कठीण. म्हणून जाणत्या कारागिराकडून टर्बोचार्जर उघडून घ्यावा. दांड्यासकट चाक हातात घेतले, की सिरॅमिकचा हलकेपणा लपत नाही.

शेवटी दांडा हलवून पाहावा. साध्या बेअरिंगचा दांडा आडवा किंचित हलतो, कारण तिथे तेलाच्या थराला जागा ठेवलेली असते. मात्र पाती कवचाला घासत असतील, किंवा दांडा पुढे-मागे सरकलेला हाताला जाणवत असेल, तर तो तसाच बसवू नये.

वस्तू कुणाची, हे विकणारा सांगेल. ती कोणती, हे मापाने ठरवावे. आणि चाक कशाचे हे निश्चित कळेपर्यंत दाब वाढवण्याच्या भरीस पडू नये.