कीबोर्ड कुणाच्या हाती?

लासूर स्टेशन म्हटले की मोंढ्यातली गर्दी, कांद्याच्या गोण्या आणि मनमाडकडे जाणारी आगगाडी डोळ्यांपुढे येते. संगणक काही येत नाही. पण गंगापूर तालुक्यातल्या या गावची एखादी मुलगी प्रोग्रॅमिंग शिकू लागली, तर तिच्या शेजारी कुणी आणि कसे बसावे, एवढाच आजचा विषय.

समजा, तुम्हीच बसला आहात. तिने पायथन भाषेत कांद्याची पट्टी करायचा प्रोग्रॅम लिहिला. एका गोणीचे वजन टाकले 48 किलो, दुसरीचे 52. बेरीज यावी 100. संगणक सांगतो 4852! मुलगी ओशाळते. आपले इंग्रजी कच्चे, हे काम आपले नव्हे, असे तिला वाटू लागते. अहो, इंग्रजीचा इथे काय संबंध? कीबोर्डवरून आलेला मजकूर पायथन नुसती अक्षरे म्हणून घेतो. त्याचा आकडा कर, हे त्याला वेगळे सांगावे लागते. अक्षरांची बेरीज म्हणजे ती एकापुढे एक चिकटवणे. यंत्राने ते इमानाने केले.

आता तुमचा हात शिवशिवतो. एक शब्द घातला की काम भागते! पण हात आवरा. ‘ही 48 संख्या आहे, की नुसती दोन चिन्हे?’ एवढे विचारा आणि गप्प बसा. पाच मिनिटे गेली तर जाऊ द्या. चूक तिने स्वतः पकडली, तर पुढच्या खेपेला ती तुमची वाट पाहत बसणार नाही.

तांबडी अक्षरे दिसली की पुष्कळ मुले खिडकीच बंद करतात. ती मोठ्याने वाचायला लावा, आणि तीही शेवटल्या ओळीपासून. पायथन मुख्य तक्रार तळाशी लिहितो. हंट आणि थॉमस यांनी 1999 सालच्या ‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर’ या पुस्तकात आपला प्रोग्रॅम रबरी बदकाला समजावून सांगण्याची युक्ती दिली आहे. बदक मधे बोलत नाही, हाच त्याचा मोठा गुण.

मराठीतून शिकायची सोयच नाही, असेही नाही. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे छोटे पाठ मराठीतही आहेत. थोडे पाहायचे, थांबवायचे, लगेच करून बघायचे. मात्र आपला प्रोग्रॅम नेमका कुठे अडला, हे पाठाला विचारता येत नाही. तिथे माणूस लागतो. आठवड्यातून एकच तास, पण ठरल्या वेळी येणारा.

संगणक एकच असला, तर दोघींना बसवा. एकीने लिहावे, दुसरीने पाहावे आणि टोकावे. अर्ध्या तासाने खुर्च्या बदला.