केसाहून बारीक पाट

लोणावळ्याच्या वळवण धरणाचे पाणी घाट उतरून खोपोलीस जाते व तेथे वीज उत्पन्न करते. टाटांचा हा उद्योग १९१५ सालापासून चालू आहे. ते प्रचंड नळ पाहिले म्हणजे पाण्याचे सामर्थ्य कोणासही पटते. परंतु तेच पाणी केसाहून बारीक पाटातून वाहू लागले की त्याचा स्वभाव पालटतो. तेथे भोवरा उठत नाही. दोन प्रवाह परस्परांत न घुसळता शेजारी शेजारी निमूटपणे वाहतात. या गुणामुळेच नखाएवढ्या काचेवर पाट कोरून त्यांतून रक्ताचा थेंब खेळविता येतो व सूक्ष्म संवेदकाकडून त्याची परीक्षा करविता येते.

या विद्येचे एक नामांकित अध्यापक म्हणजे रोहित कर्णिक. मुंबईच्या आय. आय. टी.तून २००२ साली पदवी आणि बर्कली येथून २००६ साली पीएच. डी. मिळवून, २००७ पासून ते अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत यंत्रशास्त्र शिकवीत आहेत. असे बारीक पाट झाडाच्या अंगी उपजतच असतात, हे त्यांनी हेरले. पाइन वृक्षाच्या लाकडात एका नलिकेतून दुसरीत जाताना पाण्यास अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून जावे लागते. पाणी पार होते, जंतू अडकतो. साल काढलेला फांदीचा लहानसा तुकडा नळीत बसवून त्यांनी व सहकाऱ्यांनी पाणी गाळले, तेव्हा शेकडा ९९हून अधिक जंतू मागे राहिले. हा प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाला. मात्र लाकूड वाळले की पडदे चिकटून पाणी अडे. लाकूड प्रथम गरम पाण्यात व मग मद्यार्कात भिजवून वाळविल्यास हा दोष टळतो, असे पुढे आढळले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात भारतातील झऱ्यांच्या पाण्यावरही परीक्षा झाली.

आषाढात मावळात पाण्यास तोटा नसतो. परंतु ओढ्याविहिरींचे गढूळ पाणी पोटात जाऊन तान्ही मुले जुलाबाने हैराण होतात. मग येथील जांभळाची वा ऐनाची फांदी कापून पाणी गाळावे काय? नाही. या फुलझाडांच्या नलिका रुंद व लांब असतात; लहान तुकड्यातून जंतू सरळ पार होतील. म्हणून केवळ कृतीची नक्कल उपयोगी नाही, तीमागील कारण कळले पाहिजे. आणि ते शिकविणे हेच अध्यापकाचे काम होय. सह्याद्रीस साजेशी गाळणी मावळातील एखादा विद्यार्थी पुढे शोधीलही; तोवर पाणी उकळूनच प्यावे.