कटासराज : यक्षाच्या कुंडाकाठी



वनपर्वातील यक्षप्रश्नाची कथा आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी घरीच ऐकली आहे. तहानेने व्याकूळ झालेले पांडव एकामागून एक पाण्याकडे जातात. 'आधी माझ्या प्रश्नांची उत्तरे द्या, मगच पाणी प्या', असे यक्ष बजावतो. नकुल, सहदेव, अर्जुन आणि भीम त्याचे न ऐकता पाणी पितात आणि काठावरच निश्चेष्ट पडतात. कथा सर्वांना ठाऊक असते. पण ते पाणी कोठले, हे सहसा कोणी विचारीत नाही. पंजाबातील लोकपरंपरेने त्याचे उत्तर शतकानुशतके जपले आहे. ते पाणी कटासराजचे.

आज हे तीर्थ पाकिस्तानात आहे. लाहोर-इस्लामाबाद महामार्गावरून कल्लर कहारला उतरून चोआ सैदन शाहच्या दिशेने गेले की, मिठाच्या डोंगररांगेत, चकवाल जिल्ह्यात ते लागते. सतीच्या वियोगाने शंकराने ढाळलेल्या अश्रूंपैकी एक पुष्करला पडला व दुसरा येथे, अशी श्रद्धा आहे. भूगर्भातील झऱ्यांनी भरणारे कुंड, त्याच्या काठाने चढत गेलेली शिव, राम आणि हनुमान यांची मंदिरे, हिंदू शाही काळाशी जोडला जाणारा 'सतघरा' हा प्राचीन मंदिरसमूह, जवळच एका बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि महाराजा रणजितसिंहांचे सेनापती हरिसिंह नलवा यांची हवेली, असा हा परिसर आहे. सनातनी, बौद्ध आणि शीख या तिन्ही परंपरांच्या खुणा एकाच पाण्याच्या आश्रयाने येथे नांदल्या.

१९४७ मध्ये फाळणी झाली आणि तेथील हिंदू-शीख समाज घरेदारे सोडून भारतात आला. देवळे तेथेच राहिली, पूजा करणारे हात मात्र गेले. गाभारे रिकामे झाले, चित्रे विटली, भिंती पडू लागल्या. १९७४ मध्ये दोन्ही देशांत तीर्थयात्रांविषयी करार झाला; त्यानुसार भारतातून यात्रेकरूंचे जथे अधूनमधून तेथे जात राहिले. परंतु संबंध ताणले गेले की अशा यात्रांवरच प्रथम गदा येते. २००५ च्या जूनमध्ये लालकृष्ण अडवाणी यांनी कटासराजला भेट दिली. त्यांच्या उपस्थितीत जीर्णोद्धाराच्या कामास प्रारंभ झाला आणि काही मंदिरांची डागडुजीही झाली.

देवळांची डागडुजी झाली, पण पुढे पाणीच आटू लागले. परिसरात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले होते. त्यांच्या खोल कूपनलिका दिवसरात्र भूजल उपसत होत्या. घरोघरच्या कूपनलिकांची त्यात भर पडत होती. २०१७ मध्ये कुंडाची पातळी इतकी खालावली की, वृत्तपत्रांतील बातम्यांवरून पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०१८ च्या निकालात कारखान्यांना पाण्याची पर्यायी व्यवस्था करण्यास आणि वापरलेल्या पाण्याचे मूल्य भरण्यास सांगण्यात आले. एक गोष्ट येथे प्रांजळपणे नोंदवली पाहिजे. या कुंडाविषयी तेथील पत्रकार बोलले, कारण त्याच भूजलावर आसपासच्या मुसलमान खेड्यांचीही तहान भागत होती. झरा आटतो तेव्हा तो कोणाचा धर्म विचारीत नाही.

प्रश्नाला उत्तर न देता पाणी पिणाऱ्याची काय गत होते, हे यक्षाने सांगून ठेवले आहे. कटासच्या काठी ती कथा नव्याने घडली, एवढेच.

आता दृष्टी आपल्या अंगणाकडे वळवावी लागेल. कटासच्या भक्तांना घरदार सोडावे लागले. त्यांचा नाइलाज होता. महाराष्ट्रातील बारवांच्या काठून आपल्याला कोणी हाकलले? दगडी पायऱ्या, देवकोष्ठे, मुखाशी गणपती किंवा नंदी, आणि काठावर शेंदूर लावलेल्या साती आसरा, अशी बारव अनेक गावांत आहे. बाळंतीण तेथे पाण्याची पूजा करून पुन्हा घरकामाला लागत असे. पुण्यश्लोक अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी आणि बारवा बांधल्या. २०२५ मध्ये त्यांच्या जन्माची त्रिशताब्दी आपण उत्साहाने साजरी केली. परंतु घरात नळ आला तशी आपण बारवेकडे पाठ फिरवली. आज अनेक ठिकाणी तिच्यात निर्माल्य, प्लास्टिक आणि गणेशोत्सवाचे थर्मोकोल साचले आहे. कटासची देवळे ओस पडली म्हणून हळहळणाऱ्याच्याच गावी हे घडते आहे, ही खंत मोठी आहे.

उपायही आपल्याच हाती आहे. काही गावांतील तरुणांनी गाळ उपसून बारवा मोकळ्या केल्या, महाशिवरात्रीला तेथे दिवे लावले. त्यांचे अनुकरण करावे. गाळ काढताना कोरीव दगड हलवू नयेत, सिमेंटचा गिलावा करू नये. स्मारक संरक्षित असल्यास पुरातत्त्व विभागाला आधी विचारावे. आणि बारवेच्या उशाशी नवी कूपनलिका खोदू नये, हे ग्रामसभेत ठरवावे. दिवा एका रात्रीचा असतो, झरा बारमाही हवा.

त्या कथेचा शेवट पुष्कळदा सांगायचा राहून जातो. यक्ष प्रसन्न होऊन एका भावाला जिवंत करण्यास तयार झाला, तेव्हा युधिष्ठिराने महाबली भीम मागितला नाही, धनुर्धर अर्जुनही मागितला नाही. कुंतीचा एक पुत्र जिवंत आहे, तसा माद्रीचाही असावा, म्हणून त्याने नकुल मागितला. दुसऱ्याच्या वाट्याचा असा विचार केल्यावरच चौघे भाऊ उठले. तहान त्यालाही लागली होती. पण त्याने आधी उत्तर दिले आणि मग पाण्याला हात लावला.

पुढच्या वेळी गावी जाल, तेव्हा मुलांना घेऊन बारवेपर्यंत जा. ती कोणी बांधली, तिचे पाणी कोठून येते आणि ते का आटले, हे मुले विचारतील. त्यांना देता येईल असे उत्तर आपल्यापाशी असू द्या.