आलेख पोहोचला, उपचारही पोहोचावा



तुरीच्या बाजारपेठेमुळे परिचित असलेले दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटक सीमेलगतचे गाव. येथून सोलापूर 60 किलोमीटरांहून अधिक दूर. छातीत कळ आलेल्या शेतकऱ्याने एवढे अंतर कापावे आणि मगच त्याचे निदान व्हावे, हे आता आम्हांस रास्त वाटत नाही. हृदयविकाराच्या विशिष्ट झटक्यात रक्ताची गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सर्वसाधारणपणे पहिल्या 12 तासांत देता येते; तथापि जितका विलंब, तितका हृदयाचा स्नायू अधिक निकामी होतो.

12 लीडचा ईसीजी गावातच काढून मोबाइलद्वारे काही मिनिटांत हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठविता येतो. केंद्र शासनाच्या 25 मार्च 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी दूरवैद्यक सेवेस नियमांची चौकटही दिली आहे.

परंतु आलेख पोहोचणे म्हणजे उपचार पोहोचणे नव्हे. मध्यरात्री तो वाचणारे डॉक्टर, इंजेक्शन देण्यास प्रशिक्षित कर्मचारी, सज्ज रुग्णवाहिका आणि रुग्णाच्या नातलगांस कन्नडमध्ये समजावून सांगणारी परिचारिका यांच्यावाचून ते यंत्र शोभेचेच ठरेल. म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे, की यंत्रासोबत या माणसांच्या वेतनाचाही भार उचलावा. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, रात्रपाळीवर येत नाही. मात्र रुग्णाचे प्राण रात्रपाळीच वाचविते.