पाण्याची गांठ आणि भूलतज्ज्ञ

सोलापूर जिल्ह्यांत सांगोला-मंगळवेढ्याकडच्या माळरानांवर मेंढरांचे कळप आणि त्यांचे राखणदार कुत्रे हें नित्याचें दृश्य. या दोन प्राण्यांच्या आश्रयानें एक पट्टकृमि जगत असतो. तो तांदळाच्या दाण्याएवढाही क्वचितच भरतो. कुत्र्याच्या विष्ठेंतून त्याचीं अंडीं गवतावर, पाण्यांत, भाजीवर पडतात. मेंढीऐवजी तीं माणसाच्या पोटांत गेलीं, म्हणजे यकृतांत किंवा फुप्फुसांत पाण्याची पिशवी धरते. डॉक्टर तिला हायडॅटिड म्हणतात.

ही गांठ वर्षानुवर्षें निमूटपणें वाढते. आल्बेंडाझोल या औषधानें कांहीं गांठी आटोक्यांत येतात. मोठी गांठ मात्र बहुधा कापूनच काढावी लागते. यश आलें कीं वाहवा शस्त्रवैद्याची होते. उशाशीं बसलेला भूलतज्ज्ञ कोणाच्या ध्यानींमनींही नसतो. हा अन्यायच म्हणावयाचा! पिशवींतलें पाणी स्फटिकासारखें निर्मळ दिसतें. पण तें आंत सांडलें तर नव्या गांठी रुजण्याचें भय असतेंच, शिवाय एखाद्या रुग्णाच्या शरीरांत असा क्षोभ उसळतो, कीं रक्तदाब कोसळतो आणि श्वासमार्ग आवळले जातात. जागा माणूस "जीव घाबरतो, अंगाला खाज सुटली" असें सांगेल. निजलेला काय सांगणार? अंगावर उठलेल्या गांधीही चादरीखालीं झांकलेल्या! रक्तदाबाचा आंकडा आणि श्वासयंत्रावरचा दाब एवढ्यावरूनच भूलतज्ज्ञानें संकट ओळखावयाचें आणि आधींच भरून ठेवलेलें अ‍ॅड्रिनलिन तत्क्षणीं द्यावयाचें.

फुप्फुसांतली गांठ याहून अवघड. भूल देतांना रुग्ण खोकला, किंवा यंत्रानें हवा जोरानें भरली, तर गांठ फुटून पाणी निरोगी फुप्फुसांत शिरतें. म्हणून श्वासनलिकेंत दुहेरी मार्गाची नळी बसवून दोन्ही फुप्फुसांची वाट निराळी करतात. कार्लेन्स यांनीं १९४९ सालीं प्रसिद्ध केलेली अशी नळी मूळ होती प्रत्येक फुप्फुसाचा श्वास वेगळा मोजण्यासाठीं; शस्त्रक्रियेंत ती पुढें आली. लहान मुलांच्या नाजूक श्वासनलिकेंत ती मावत नाहीं. तेथें निराळ्या युक्त्या योजाव्या लागतात.

उजव्या फुप्फुसांत आणि यकृताच्या माथ्यावर अशा दोन्हीकडे गांठी असल्या, तर पुष्कळदा छातीच्या एकाच छेदांतून, मधला पडदा उघडून, दोन्ही काढतां येतात. दुसऱ्यांदा भूल देणें टळतें, पण पहारा लांबतो. कृमि मारण्यासाठीं तीव्र मिठाचें पाणी वापरलें असेल, तर तें अंगांत मुरून रक्तांतलें सोडियम वाढलें नाहीं ना, हेंही पाहावें लागतें. शेवटीं रुग्ण पुरता शुद्धीवर आला, स्वतः जोरानें श्वास घेऊं आणि खोकूं लागला, म्हणजे मगच नळी काढतात.