पुरणपोळी धूसर का झाली?



आज बोलायचंय कॅमेऱ्याबद्दल. मी काही व्यावसायिक फोटोग्राफर नाही. आयटीत सल्लागार आहे, त्यामुळे कुणाचा प्रिंटर अडला किंवा कुणाला लॅपटॉप घ्यायचा झाला, की मला फोन येतो. सध्या एक प्रश्न फार येतो : "फोटोही चांगले यावेत आणि व्हिडिओही, असा मधल्या किमतीचा डीएसएलआर कोणता घ्यावा?"

उत्तर देण्याआधी माझी फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी आई साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला सहा महिने राहायला आली होती. होळीच्या दिवशी तिने माझ्या सात वर्षांच्या लेकीला ओट्यापाशी स्टुलावर उभं केलं आणि पुरणपोळी शिकवायला घेतली. मी नवाकोरा कॅमेरा घेऊन सज्ज. हा कॅमेरा मी साधासुधा निवडलेला नव्हता. एमबीएची सवय! एक्सेलमध्ये तक्ता केला होता. मेगापिक्सेल, सेकंदाला किती फोटो, बॅटरी, वजन, किंमत, प्रत्येकाला गुण. ज्याची बेरीज सर्वात जास्त, तो घेतला.

रात्री व्हिडिओ लावला. आई उंडा हातात घेऊन थोडी पुढे वाकते आणि चित्र धूसर होतं. फोकस मागच्या फ्रिजवर जातो, परत येतो, पुन्हा जातो. सोबत लेन्सच्या मोटरची घरघर. "पुरण सैल झालं तर काय करायचं" हे आई सांगते, नेमकी तिथेच ती घरघर सर्वात मोठी. गंमत म्हणजे त्याच कॅमेऱ्याने, त्याच दिवशी काढलेले फोटो मात्र लख्ख! आईचे गुडघे आता साथ देत नाहीत, एवढा विमानप्रवास तिला झेपत नाही. आमच्या ओट्यापाशी उभी असलेली आई माझ्याकडे फक्त त्या धूसर व्हिडिओत आहे.

कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझ्या तक्त्याची होती. "व्हिडिओ काढताना फोकस कसा धरतो" हा रकानाच मी केला नव्हता.

फोटो लख्ख आणि व्हिडिओ धूसर, असं का व्हावं? डीएसएलआरच्या पोटात एक आरसा असतो. तुम्ही डोळा लावून फोटो काढता, तेव्हा लेन्समधून आलेला बहुतेक प्रकाश आरशावरून तुमच्या डोळ्याकडे जातो आणि थोडा खाली बसवलेल्या फोकसच्या खास सेन्सरकडे. तो सेन्सर लगेच सांगतो, लेन्स कोणत्या बाजूला आणि किती फिरवायची. म्हणून धावणाऱ्या मुलाचाही फोटो साधतो. पण व्हिडिओ सुरू केला की आरसा वर जातो आणि वरच राहतो. त्या खास सेन्सरला प्रकाशच मिळत नाही. मग फोकसचं काम चित्र टिपणाऱ्या मुख्य सेन्सरवर येतं. म्हणजे फोकसच्या बाबतीत एका डब्यात दोन वेगळे कॅमेरे आहेत. एक चांगला आहे म्हणून दुसरा चांगला असेलच असं नाही.

बऱ्याच डीएसएलआरमध्ये हा दुसरा कॅमेरा अंदाजाने चालतो. तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी घरच्या रेडिओचा काटा फिरवून आकाशवाणी लावली असेल. आवाज स्पष्ट होत जातो, काटा जरा पुढे सरकतो, खरखर येते, मग आपण मागे येतो. स्टेशन ओलांडल्याशिवाय ते सापडलं हे कळत नाही. तसंच इथे लेन्स पुढेमागे होत चित्र कुठे सर्वात रेखीव दिसतं ते शोधते. फोटोत हे एकदाच होतं, आपल्याला दिसत नाही. व्हिडिओत तो सगळा शोध रेकॉर्ड होतो.

यावर कॅननने २०१३ साली ७०डी या कॅमेऱ्यात तोडगा आणला, ड्युअल पिक्सेल. मुख्य सेन्सरवरचा पिक्सेल दोन भागांत विभागला आणि दोन्ही भागांना दिसणाऱ्या चित्रातल्या फरकावरून फोकसची दिशा काढली. त्यामुळे आरसा वर असतानाही चाचपडणं जवळजवळ थांबलं. पुढे २०१६ साली ८०डी आला : २४.२ मेगापिक्सेल, डोळा लावून काढायच्या फोटोंसाठी ४५ फोकस बिंदू, मायक्रोफोन आणि हेडफोन दोन्हींची जागा, बाहेर उघडून फिरवता येणारा टचस्क्रीन. व्हिडिओत फोकस किती वेगाने सरकावा हेही ठरवता येतं. फोरके मात्र नाही. ते हवं असेल तर २०१९ चा ९०डी, ३२.५ मेगापिक्सेलचा.

आता दुसरी बाजू. २०१७ चा निकॉन डी७५०० फोटोंसाठी मला फार आवडतो. ५१ फोकस बिंदू, सेकंदाला ८ फोटो, कमी उजेडातही सुंदर काम. कागदावर फोरकेही आहे. पण व्हिडिओत त्याचा फोकस त्या रेडिओच्या काट्यासारखाच शोधतो. तुमचे शंभरातले नव्वद क्षण फोटोचे असतील, तर तो खुशाल घ्या. अर्धे व्हिडिओचे असतील, तर घेऊ नका.

नावात ड्युअल पिक्सेल आहे म्हणूनही निश्चिंत होऊ नका. कॅननच्या २५०डी आणि ८५०डी मध्ये ते आहे, पण फोरके लावलं की बंद पडतं. तिथे साधं फुल एचडीच बरं. आजी पोळी लाटतेय ते स्पष्ट दिसणं महत्त्वाचं, पिक्सेल मोजायला कोण येतंय?

लेन्सचंही तेवढंच महत्त्व आहे. कॅननच्या लेन्सवर "एसटीएम" लिहिलेलं पाहा, म्हणजे तिची मोटर बरीच शांत आणि सावकाश सरकणारी आहे. ५० मिलिमीटरची एफ १.८ एसटीएम लेन्स स्वस्त आणि झकास, पण या कॅमेऱ्यांवर ती जवळजवळ ८० मिलिमीटरसारखी दिसते, छोट्या स्वयंपाकघरात मागे भिंतीला टेकावं लागेल. घरासाठी आणि कार्यक्रमासाठी मिळून एकच लेन्स घ्यायची तर १८ ते १३५.

तुम्ही विचाराल, आता आरसा नसलेले मिररलेस कॅमेरे आलेत, मग हे कशाला? बरोबर आहे. कोरा कॅमेरा आणि कोऱ्या लेन्स घ्यायची ऐपत असेल तर तेच बघा. पण मिररलेस आल्यापासून अनेकांनी आपले डीएसएलआर विकायला काढलेत आणि कमी पैशांत चांगला माल मिळतो. घेताना शटर किती वेळा उघडलंय तेवढं विचारा. ८०डीचं शटर १ लाख वेळांच्या हिशेबाने बनवलेलं आहे.

दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी आपलं कार्ड घेऊन जा आणि पाच मिनिटांची परीक्षा घ्या. व्हिडिओ सुरू करा. कुणालातरी दारापासून तुमच्याकडे चालत यायला सांगा. मग लेन्ससमोर हात धरा आणि काढा. फोकस चेहऱ्यावर सरळ परत येतो की चाचपडतो, ते बघा. मग हेडफोन लावून मोटरची घरघर ऐका. या पाच मिनिटांनी माझ्या अख्ख्या तक्त्यापेक्षा जास्त सांगितलं असतं.

घेतल्यावर दोन गोष्टी लक्षात ठेवा. यातले बहुतेक कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात. मंडळाच्या नाटकाचा अंक त्याहून मोठा असतो, तेव्हा मधल्या एखाद्या गाण्याच्या टाळ्यांत बंद करून पुन्हा सुरू करा. दुसरी गोष्ट भारतात लग्नाला जाणाऱ्यांसाठी. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, भारतात ५० ची. इथली सेटिंग तशीच ठेवली तर मंगल कार्यालयातल्या दिव्यांखाली चित्र लुकलुकतं. मेनूत एनटीएससीचं पाल करा आणि शटर एक पन्नासांश सेकंदावर ठेवा.

हे मी यंदा उन्हाळ्यात साताऱ्याला केलं. सेकंडहँड ८०डी, एसटीएम लेन्स. लेक आता तेरा वर्षांची आहे. या वेळी पोळी ती लाटत होती आणि आई खुर्चीत बसून चुका काढत होती. एकदा हसत पुढे वाकली, पण फोकस तिच्या चेहऱ्यावरून हलला नाही. मी मुद्दाम विचारलं, "आई, पुरण सैल झालं तर?" तिने सगळं नीट सांगितलं, आणि या वेळी ते शब्द न् शब्द ऐकू येतं.

तुमच्याकडे यंदा आजी-आजोबा येणार असतील, तर ही परीक्षा त्यांचं विमान उतरण्याआधी उरकून घ्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.