प्रशिक्षकाची धाव आणि शिष्यांची धाव

(डही, जिल्हा धार येथे शिक्षक, ग्रामस्थ व अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा संपादित भाग)



धार व देवास येथील पवार संस्थानांमुळे या प्रदेशाशी मराठीचे जुने नाते जडले आहे. त्यामुळे डहीत आपल्यापुढे मराठीतून बोलताना मला परकेपणा वाटत नाही. नर्मदेच्या उत्तरेकडील या भिल्ल-भिलाला बांधवांच्या मुलखात शाळेसाठी आणि बाजारासाठी लांबच लांब पायपीट करणारी मुले आपण पाहतो. त्यांतील काही पुढे महाविद्यालयात जातात व धावण्याच्या स्पर्धांत उतरू इच्छितात. लहान गावी त्यांना शिकविणारा मनुष्य बहुधा पूर्णवेळ प्रशिक्षक नसतो. अनेकदा तो स्वतःच अद्याप स्पर्धेत धावणारा एखादा शिक्षक वा कर्मचारी असतो. त्याने या दोन डगरींवर पाय कसा ठेवावा, हा आजचा विषय आहे.

मी कला शाखेचा पदवीधर. व्यायामशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु चाळिशी उलटल्यावरही मी प्रौढांच्या स्पर्धांत धावतो आणि काही वर्षे महाविद्यालयीन मुलांचा सराव घेत आलो आहे. प्रारंभीच माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. माझी दहा किलोमीटरची स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. मुलांना हलकी धाव नेमून दिली होती. मी त्यांच्यापुढे धावू लागलो आणि नकळत माझ्या स्पर्धेचा वेग धरला. गुरुजी पुढे असताना मागे राहणे मुलांना कमीपणाचे वाटले. आठवडाभर असेच चालले. एका मुलाची नडगी दुखत होती. त्याने ते सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. त्याची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा हुकली. माझी मात्र यथासांग पार पडली. त्या स्पर्धेचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्याचे धैर्य मला आजवर झालेले नाही.

मग प्रशिक्षकाने स्वतः धावणे सोडावे काय? तसे मला वाटत नाही. न्यूझीलंडमधील ऑकलंडचे आर्थर लिडियार्ड जोड्यांच्या कारखान्यात काम करीत. किती धावले असता शरीर बळकट होते आणि किती धावले असता ते खचते, याचा शोध त्यांनी प्रथम स्वतःच्याच शरीरावर घेतला. १९५३ व १९५५ साली ते आपल्या देशाची मॅरेथॉन जिंकले, आणि त्याच काळात ते तरुणांनाही शिकवीत होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्यांचे शिष्य पीटर स्नेल यांनी ८०० मीटरचे व मरे हॅल्बर्ग यांनी ५००० मीटरचे सुवर्णपदक मिळविले. बॅरी मॅगी यांना मॅरेथॉनचे कांस्यपदक मिळाले. गुरूच्या स्वतःच्या धावण्यातून शिष्यांना अनुभवाचा असा लाभ होऊ शकतो.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यातील कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. त्यांना घडविणारे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या हाताखाली नाशिकला इतरही धावपटू तयार झाले. पाड्यावरील मुलीच्या अंगची शक्ती ओळखून ती वर्षानुवर्षे जोपासण्यास किती अवधान लागत असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

या दोन्ही उदाहरणांवरून मी स्वतःसाठी काही नियम घालून घेतले. मुलांच्या कठीण सरावाच्या दिवशी मी धावत नाही. घड्याळ व वही घेऊन कडेला उभा राहतो. माझा कठीण सराव दुसऱ्या दिवशी, मुले येण्यापूर्वी, एकट्याने आटोपतो. त्यांच्यासोबत धावतो तो केवळ हलक्या धावेत, आणि तोही सर्वांच्या शेवटी. मागून धावणाऱ्याला कोण लंगडतो, कोणाला धाप लागली, हे दिसते. धावताना सहज बोलता येईल तोच हलका वेग, ही साधी कसोटी सर्वांना लागू आहे. अंतर हळूहळू वाढवावे आणि कठीण सरावानंतर शरीराला विसावा द्यावा. माझी व मुलांची स्पर्धा एकाच दिवशी आली, तर माझी सोडून द्यायची, हे मी वर्षारंभीच ठरवून ठेवतो. ऐन वेळी मन लबाडी करते.

शिक्षकांना व अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, अशा प्रशिक्षकाच्या मदतीस निदान एक माणूस द्यावा. स्पर्धांचे वेळापत्रक आधी कळवावे. ग्रामस्थांनी भगोरियाचे दिवस आणि मजुरीसाठी गुजरातेत जाण्याचा काळ प्रशिक्षकाला अगोदर सांगावा, म्हणजे मुलगा परतल्यावर त्याला एकदम वेगाने न धावविता पुन्हा पायापासून तयार करता येईल. उन्हाळ्यात सराव सूर्योदयापूर्वीच संपावा आणि मैदानावर पिण्याचे पाणी असावे, इतकी व्यवस्था गावाला सहज करता येईल.

ज्याची नडगी दुखावली होती, तो मुलगा पुढच्या वर्षी पुन्हा धावला. त्या दिवशी माझीही एक स्पर्धा होती. मी तेथे गेलो नाही. त्याच्या शर्यतीच्या शेवटच्या वळणावर घड्याळ घेऊन उभा होतो. तो पाचवा आला. धाप ओसरल्यावर त्याने प्रथम मला विचारले, “सर, आज तुमची स्पर्धा होती ना?” आपल्या धावण्याचा हिशेब मुलेही ठेवतात, हे त्या दिवशी मला कळले.

जय हिंद.